तिरक्या गल्लीत कोण उरलं

महासंगमाचा शेवटचा अंक छापून आला तेव्हा कचेरीत टाळ्या वाजत होत्या आणि बोरू बेसिनपाशी ब्रश धूत होती. कुणीतरी तिच्या ओल्या हातातच एक प्रत कोंबली. ताज्या शाईचा वास येत होता. तिनं हात पदराला पुसले, टेबलाशी बसली आणि शेवटाकडून पानं उलटायला लागली. चित्रकारांची खोड असते ती, गोष्ट आधी वाचायची नाही, चित्रं बघायची.

बोरू हे काही तिचं खरं नाव नव्हे. अंगानं काटकुळी, बोटांना कायम शाई, म्हणून मास्तरांनी पहिल्याच दिवशी ते नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं की खरं नाव फक्त पगारपत्रकात उरलं. मास्तर म्हणजे पूर्वी शाळेत भाषा शिकवणारे आणि नंतर कॉमिकं लिहायला लागलेले गृहस्थ. मास्तरांनी लिहायचं आणि बोरूनं काढायचं, अशी अकरा वर्षं दोघांनी मिळून एक मासिक कॉमिक चालवलं होतं. नाव ‘कानोसा’.

कानोसा उडत नसे. तिच्या बोटांतून आग निघत नसे. तिला ऐकू यायचं, एवढंच. भिंतीपलीकडचं कुजबुजणं, जमिनीखालचं पाणी, चार गल्ल्या सोडून धडधडणारं घाबरलेलं काळीज. दिवसा ती वाद्यं जुळवून द्यायची आणि तिरक्या गल्लीत, एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत राहायची. ही तिरकी गल्ली मास्तरांनी शब्दांत वसवली आणि बोरूनं रेषांत बांधली. पोचा आलेली पाण्याची टाकी, न्हाव्याच्या दुकानातला तडकलेला आरसा, कायम भांडणाऱ्या जुळ्या बहिणी, दिवे विकणारी म्हातारी, आणि शिंपीकाका. कानोसाचा मुखवटा त्यांनीच शिवला होता. ती कोण आहे हे गल्लीत फक्त त्यांना ठाऊक होतं, आणि मुखवट्याची उसवलेली शिवण घालून देताना ते दर वेळी म्हणत, “पोरी, मारामारी कर, पण कापडाकडे बघून कर.”

महासंगम मात्र बोरूच्या हातचा नव्हता. एरवी आपापल्या अंकात सुखानं नांदणारे सगळे नायक एकाच गोष्टीत आणायचे, जगावर संकट आणायचं आणि सगळ्यांनी मिळून ते परतवायचं, असा मालकांचा बेत होता. त्यासाठी वेगळा लेखक, वेगळे चित्रकार. कानोसाला त्यात मागच्या रांगेत उभी केली होती, लग्नाच्या फोटोत लांबचे नातेवाईक उभे करतात तशी.

बोरूनं शेवटून दुसरं पान उघडलं.

गगनभेदी नावाचा सगळ्यात खपाऊ नायक शत्रूचं अवाढव्य विमान दोन्ही हातांनी भिरकावून देत होता. विमान खाली एका वस्तीवर कोसळत होतं. धूर, ज्वाळा, उडालेले दगड, आणि कोपऱ्यात ठसठशीत अक्षरांत, ‘आणि जग वाचलं!’ धुराच्या खालच्या कडेला एक टाकी दिसत होती. टाकीला पोचा होता. तिच्या शेजारी कात्रीचं चित्र असलेली एक पाटी अर्धी तुटून लोंबत होती.

बोरूनं अंक डोळ्यांजवळ नेला. मग लांब धरला. कसाही धरला तरी टाकी तीच होती. तो पोचासुद्धा तिनंच काढलेला होता.

ती तशीच संपादकांच्या खोलीत शिरली. संपादक बॉलपेन टकटक करत बसले होते आणि समोर महासंगमाचा लेखक पाय पसरून बसला होता. तरुण, हुशार, आणि प्रत्येक गोष्टीत निदान एक शहर जमीनदोस्त करणारा. म्हणून त्याचं नाव कचेरीत भूकंप पडलं होतं, आणि त्याला ते आवडायचं.

“ही तिरकी गल्ली आहे,” बोरू म्हणाली आणि पान त्याच्यापुढे धरलं.

भूकंपानं निरखून पाहिलं. “कुठली गल्ली?”

“कानोसाची. माझी. तुम्ही विमान टाकलंय ते तिच्यावर.”

“ताई, मी नुसतं लिहिलं होतं, विमान एका वस्तीवर पडतं. नायकांच्या मागचं चित्र काढणाऱ्या पोरानं कुठून तरी उतरवलं असेल.” तो थांबला, मग जरा ओशाळून म्हणाला, “तुमच्या अंकातूनच उतरवलं असणार. आपल्याकडे तुमच्याइतकी खरी घरं कोण काढतं?”

“तुम्ही कानोसा वाचता?”

“नाही,” तो सरळ म्हणाला. “मला काय माहीत तिथं कोणी राहतं म्हणून?”

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. बोरूला वाटलं, असती तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

संपादकांनी पेन खाली ठेवलं. “हे बघ, झालं ते झालं. आणि खरं सांगू? बरंच झालं. कानोसाचा खप गेली दोन वर्षं जागचा हलत नाही. पुढच्या अंकात ती मोठ्या शहरात जाते. नवा पोशाख, नवा शत्रू, नवी सुरुवात. गल्लीचं नावच काढायचं नाही.”

“आणि गल्लीतली माणसं?”

“कुठली माणसं? वाचकाची आठवण केवढीशी असते, बोरू. तो पुढचं पान उलटतो.”

“पुढचा अंक गल्लीचाच असेल,” बोरू म्हणाली. आपला आवाज इतका स्वच्छ निघेल असं तिला स्वतःलाही वाटलं नव्हतं. “कोण मेलं आणि कोण वाचलं, ते सांगितल्याशिवाय ती कुठेही जाणार नाही.”

संपादकांनी भूकंपाकडे पाहिलं, भूकंपानं खिडकीकडे. “मास्तर लिहिणार असतील तर बघू,” संपादक शेवटी म्हणाले. मास्तर हल्ली थकलेत, लिहिणार नाहीत, असा त्यांचा हिशेब होता हे बोरूला कळलं. ती बाहेर पडली.

मास्तर गच्चीत कुंड्यांमधली सुकलेली पानं खुडत होते. अंक त्यांना घरपोच गेला होता आणि तो पायरीवर पालथा पडला होता. बोरूकडे न बघताच ते म्हणाले, “बस. आणि त्या विषयावर बोलायला आली असशील तर उठ.”

बोरू बसली. “संपादक म्हणतात, तुम्ही लिहिलंत तर गल्लीचा अंक काढू.”

“काय लिहू? सगळे वाचले असं लिहिलं तर ती लबाडी. विमान पडलंय, लोकांनी पैसे देऊन ते पाहिलंय. आणि कुणी मेलं असं लिहिलं, तर मारणारा मी ठरतो. त्या भूकंपाला काय, त्यानं दगडविटा पाडल्या. मला माणसं पाडावी लागतील.” त्यांनी एक हिरवं पानही खुडलं, मग चुकलं म्हणून ते कुंडीतच ठेवलं. “मी या दोन्हीतून मोकळा.”

“मोकळे कसे? गल्ली तुमची आहे.”

“होती.”

“मास्तर, शिंपीकाका त्या दिवशी दुकानात होते का बाहेर, हे तरी सांगा.”

मास्तर वळले. त्यांचे डोळे लाल झाले होते. “दुकान सोडून तो कधी कुठं गेलाय का?” ते म्हणाले, आणि आत निघून गेले. दाराशी थांबून त्यांनी विचारलं, “तू काय करणार?”

“मी लिहिते.”

“तू? तुला ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही.”

“ते तुम्ही तपासा,” बोरू म्हणाली आणि जिना उतरली. आयुष्यात तिनं दुकानांच्या पाट्या सोडून एक वाक्य लिहिलं नव्हतं.

घरी आई चष्मा लावून खुर्चीत बसली होती आणि तिच्या मांडीवर महासंगमाचा अंक होता. बोरू दारातच थबकली. आईनं तिच्या कॉमिकांना कधी बरं म्हटलं नव्हतं. रद्दी म्हणून मोजायची, फडताळात कागद म्हणून अंथरायची. नातेवाईकांत विषय निघालाच तर ‘ती चित्रं काढते’ इतकंच सांगायची, आणि तेही ‘तिला पडसं झालंय’ अशा सुरात.

“शिंप्याचं काय झालं गं?” आईनं विचारलं.

“तू वाचतेस?”

“वाचते कसली. चाळते. फडताळात घालताना नजर जाते.” आईनं पान उलटलं. “त्याला हल्ली सुई ओवता येत नाही, आठवतं ना? आणि बायको त्याला ओवून देते. आणि त्या जुळ्यांमधल्या थोरलीचं ठरत होतं, त्याचं पुढे काहीच नाही. न्हाव्यानं आरसा बदलला का?”

“नाही बदलला.”

“मग? आहेत का सगळे?”

“माहीत नाही,” बोरू म्हणाली.

आईनं चष्मा काढला आणि तिच्याकडे असं पाहिलं, जणू बोरू भाजी आणायला जाऊन रिकामी पिशवी घेऊन परतली होती. “तुला माहीत नाही तर कुणाला माहीत असणार?”

दुसऱ्या दिवसापासून बोरू घरच्या टेबलाशी बसली. आधी तिनं सोपी वाट धरून पाहिली. त्या दिवशी गल्लीतले सगळे लग्नाला गेले होते, असं केलं. चित्र काढता काढता तिलाच हसू आलं, मग राग आला, आणि तिनं कागद टराटरा फाडला. मग तिनं सगळ्यांना एका तळघरात घातलं. तिरक्या गल्लीत तळघर नव्हतं. अकरा वर्षांत तिनं एकही तळघर काढलं नव्हतं आणि आता एका रात्रीत खणून काढायचं म्हणजे निव्वळ धूळफेक. मग उलटं करून पाहिलं. सगळे गेले, आणि कानोसा सूड घ्यायला निघाली. हे संपादकांना आवडलं असतं. पण कानोसाच्या चेहऱ्यावर तिला सूड काढता येईना. पेन्सिल पुन्हा पुन्हा तिचे डोळे मिटत होती.

दुपारी आई वाटाणे सोलत बसली होती. बोरू तिच्याजवळ जाऊन बसली आणि सोलायला लागली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, “बाबा गेले तेव्हा तुला कसं कळलं?”

बोरू तेव्हा चार वर्षांची होती. रंगाच्या कारखान्यात बॉयलर फुटला आणि बाबा गेले, एवढंच तिला माहीत होतं. त्यापुढचं कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनं विचारलं नव्हतं. ते दार त्या घरात लावूनच ठेवलेलं असायचं.

आईचे हात थांबले नाहीत. “आवाज इथवर आला होता. तुला शेजारणीकडे टाकलं आणि धावत सुटले. फाटकावर आम्ही बायका बायका उभ्या. आतून एक कारकून यायचा आणि म्हणायचा, माहिती घेणं चालू आहे. परत आत जायचा. परत यायचा, परत तेच. संध्याकाळ झाली तरी तेच. मी इतकी वेडी झाले होते ना, की मला वाटायला लागलं, तो कारकूनच त्यांना आत कोंडून बसलाय. त्याच्या अंगावर धावून जाणार होते.”

“मग?”

“मग एक माणूस आला. त्यांच्याच खात्यातला फिटर. डोकं बांधलेलं, अंगभर काजळी. तो गर्दीत मला शोधत आला. मी ओळखतही नव्हते त्याला. माझ्यापुढे जमिनीवर बसला आणि म्हणाला, वहिनी, तो गेला. मी शेजारी होतो, त्याला फार कळलं नाही.” आईनं एक शेंग दाबली, ती रिकामी निघाली. “त्याला कुणी सांगितलं नव्हतं यायला. हात भाजले होते, सरळ दवाखान्यात जायचं सोडून आला. त्या माणसानं मला रडायला मोकळं केलं. नाहीतर मी अजून त्या फाटकावरच उभी असते.”

बोरू उठली. वाटाणे मांडीवरून सांडले ते तिनं पाहिलंही नाही.

गल्लीचा अंक तिला डोळ्यांसमोर दिसला होता. नायकांचा सत्कार चाललाय, हार, झेंडे, भाषणं, आणि मागच्या रांगेतली कानोसा मधेच व्यासपीठ उतरून निघून जाते. तिरक्या गल्लीत पोचते. ढिगाऱ्यावर यंत्रं घरघरत असतात, लोक हाका मारत असतात, एकच कल्लोळ. कानोसा हात वर करते आणि म्हणते, “सगळं बंद करा. मला ऐकू द्या.” यंत्रं थांबतात. रडणारी माणसं तोंडावर हात दाबतात. आणि ती ढिगाऱ्यावर कान टेकवते.

आता शांतता काढायची कशी? कॉमिकात मुळात आवाजच नसतो. तिथं धडाम आणि खणखण अक्षरांनी लिहावं लागतं. बोरू त्यावर फार दिवस अडून बसली. शेवटी तिनं मागच्या पानांत इतके आवाज भरले की अक्षरांनी माणसांचे चेहरे झाकले, चौकटींच्या रेषा वाकल्या. आणि मग पान उलटलं की काहीच नाही. संवादाचा एकही फुगा नाही, एकही अक्षर नाही. सबंध पानभर पांढऱ्या धुळीत गुडघ्यावर बसलेली एक बाई आणि तिच्याकडे बघणारे लोक. त्यानंतरच्या पानावर अगदी बारीक, मुंगीएवढ्या अक्षरात, एका कोपऱ्यात ‘धक’. लोक तिकडे धावतात. जुळ्या बहिणी निघतात, एकमेकींना घट्ट धरून, आणि बाहेर येताच तूच मला आत ओढलंस म्हणून भांडायला लागतात. न्हावी निघतो. शाळेतून परतणारी पोरं टाकीच्या आडोशाला सापडतात.

शिंपीकाकांचं काळीज कानोसा झोपेतही ओळखायची, कारण ते मधेच एक ठोका चुकवायचं. ती दुकानाच्या जागी कान टेकवते. टेकवूनच राहते. त्या चौकटीपाशी बोरूनं पेन्सिल खाली ठेवली, तोंडावर पाणी मारून आली आणि पुन्हा उचलली. इथं एक बारीकसा ‘धक’ लिहिणं तिच्याच हातात होतं. तिनं तो लिहिला नाही.

दिवेवाली म्हातारीही गेली. आणि तिसरा, वरच्या मजल्यावरचा नवा भाडेकरू. मागच्या दोनतीन अंकांत तो फक्त जिन्यात दिसला होता, हातात छत्री घेतलेला, पाठमोरा. त्याच्यासाठी कुणीच रडत नाही, कारण त्याला कुणी ओळखत नाही. कानोसा सगळ्या घरांना स्वतः जाऊन सांगते, कुठं जमिनीवर बसून, कुठं दारात उभी राहून. शेवटी या माणसाची छत्री हातात घेऊन ती शहरभर विचारत फिरते, की याचं कोणी आहे का.

संपादकांनी पानं पाहिली आणि कपाळाला हात लावला. “यात मारामारी कुठाय?”

“मागच्या अंकात झाली ना.”

“आणि हे? एक आख्खं पान अक्षरांविना कोरं! वाचक म्हणेल अक्षरं छापायची राहिली.”

“म्हणू दे. पुढचं पान उलटेल. तुम्हीच म्हणाला होतात.”

संपादकांना हसू आलं, ते त्यांनी दाबलं. “ऐक. मी दगड नाही. चांगलं आहे हे. पण शेवटी शिंपी जिवंत सापडायला हवा. एवढं कर, बाकी सगळं तसंच छापतो.”

“नाही.”

“मग अंक दुसऱ्या कुणाला तरी द्यावा लागेल.”

“द्या,” बोरू म्हणाली. “पण हीच पानं पुरी करून मी शेजारच्या छापखान्यात स्वतः छापेन. कानोसा तुमची आहे, तुम्ही दावा लावा. मी कोर्टात येऊन हेच सांगेन, की तुम्ही माणसं मारलीत आणि घरच्यांना कळवलं नाहीत.”

तिच्याकडे स्वतः छापण्याइतके पैसे नव्हते. ते संपादकांनाही ठाऊक होतं. पण ते तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले आणि पेनची टकटक थांबली. “विचार करतो,” एवढंच म्हणाले.

संध्याकाळी बोरू सामान आवरत होती तेव्हा भूकंप तिच्या टेबलापाशी आला. “बघू?” त्यानं विचारलं. बोरूनं पानं पुढे सरकवली. तो उभ्याउभ्या वाचायला लागला, मग स्टूल ओढून बसला. कोऱ्या पानावर आला तेव्हा त्यानं नकळत तोंडातलं च्युइंगम चघळणं थांबवलं. शेवटचं पान बघून झाल्यावर तो पुन्हा पहिल्या पानावर गेला.

“गगनभेदी का नाही यात?” त्यानं विचारलं.

“तो कशाला? भाषण द्यायला?”

“विमान त्यानं टाकलंय. तो आला पाहिजे. दगड उचलायला तरी.” त्यानं मान खाजवली. “मी लिहू? दोनच पानं. आवडली नाहीत तर केराच्या टोपलीत टाका, मी चकार शब्द काढणार नाही.”

बोरूला ते पटलं नाही. हा इथं पण काहीतरी पाडेल, असं तिच्या मनात आलं. पण तो दुसऱ्या दिवशी कागद घेऊन आला तेव्हा तिनं ते वाचले आणि मग मुकाट्यानं पेन्सिलीला टोक काढायला बसली. भूकंपानं असं लिहिलं होतं. गगनभेदी येतो, मुखवटा काढतो आणि लोकांबरोबर ओळीत उभा राहून दगड हातोहात पुढे देतो. कुणी त्याच्याशी बोलत नाही. मग शिंप्याची बायको त्याच्यासमोर येऊन उभी राहते.

“विमान टाकताना तुम्ही खाली बघितलं नव्हतं?” ती विचारते.

“नाही,” गगनभेदी म्हणतो.

ती आणखी काही विचारत नाही आणि तो आणखी काही सांगत नाही. पुढचा दगड येतो. तो पुढे देतो.

“माफी नाही मागत तो?” बोरूनं विचारलं.

“मागायला लावली होती. दोनदा लिहिली. खोटी वाटली,” भूकंप म्हणाला. “खोडली.”

गगनभेदी अंकात आला म्हटल्यावर संपादकांचं काम सोपं झालं. मुखपृष्ठावर तो घालता येणार होता, म्हणजे मालकांच्या गळी उतरवायला निमित्त झालं. शिंप्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. कोरं पान मात्र छपाईला जाईपर्यंत त्यांच्या डोळ्यांत खुपत होतं, आणि छापखान्यातल्यांना त्यांनी तीनतीनदा फोन करून बजावलं, की ते चुकून राहिलेलं नाही, तसंच आहे.

पानं मास्तरांकडे शुद्धलेखनासाठी गेली होती. ती टपालानं परत येतील अशी बोरूची अपेक्षा होती. पण मास्तर स्वतःच आले. कोटाची बटणं एक घर चुकवून लावलेली, धाप लागलेली. त्यांनी गठ्ठा तिच्या टेबलावर ठेवला.

“ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दुरुस्त केल्यात. तुझ्या कानशिलात द्यावी इतक्या आहेत.” ते खुर्चीत बसले. “आणि ती शिंप्याकडे सांगायला जाते तिथं तू खाली चार ओळी लिहिल्यास. तिला काय वाटलं, कसं वाटलं. त्या मी खोडल्यात. चेहरा काढलायस ना? मग लोकांना वाचू दे की तो.”

बोरूनं पान पाहिलं. खोडल्यावर ते खरंच बरं दिसत होतं. “बाकी?” तिनं विचारलं.

मास्तर कोटाची चुकलेली बटणं सोडून पुन्हा लावू लागले. “मला वाटलं होतं, तू त्याला वाचवशील,” ते म्हणाले. “मी रागानंच पाकीट फोडलं. म्हटलं, वाचवला असेल तर हिचं तोंड बघणार नाही.” मग त्यांनी रुमालात नाक शिंकरलं आणि करड्या आवाजात म्हणाले, “पुढचा अंक मी लिहितोय. त्या छत्रीवाल्याचं कोण होतं ते मला ठाऊक आहे.”

अंक बाहेर पडला. त्यानं काही क्रांतीबिंती झाली नाही. दुकानांतून बरेच गठ्ठे परत आले. पोरं नाक मुरडत होती, नुसती रडारड आहे म्हणत होती. कोरं पान बघून काहींनी खरंच पैसे परत मागितले. पण फोनही येत राहिले, आणि ते उचलणाऱ्या मुलीनं नंतर सांगितलं, की बहुतेक लोक काही तक्रार करत नव्हते. ते आपापल्या माणसाची चौकशी करत होते. न्हाव्याचा पाय बरा होईल का? टाकी पुन्हा बांधणार का? एका बाईंनी छत्रीवाल्यासाठी फोन केला आणि बोलताच येईना म्हणून ठेवून दिला. मालकांनी गल्ली आणखी वर्षभर चालू ठेवायला परवानगी दिली, तीही कुरकुरत. नव्या पोशाखाचा विषय मागे पडला. आणि पुढच्या महासंगमाच्या बैठकीत भूकंपानं आधी उठून विचारलं, की लढाई होणार त्या जागी कोण राहतं. बाकीचे हसले. त्यानं प्रश्न पुन्हा विचारला.

आई मात्र बोरूशी बोलेना. अंक वाचून तिनं तो फडताळात न घालता उशाशी ठेवला होता, पण ताट वाढताना भांडी आपटत होती. बोरूनं दोनदा विषय काढून पाहिला, दोनदा आई उठून गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी तीच टेबलापाशी येऊन उभी राहिली.

“शिंप्याला वाचवता आलं असतं तुला,” ती म्हणाली. “पेन्सिल तुझ्या हातात होती.”

“हो.”

“मग?”

“फिटर येऊन खोटं बोलला असता तर तुला चाललं असतं?”

आई खुर्चीत बसली. टेबलावरचा खोडरबर तिनं उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि जागच्या जागी ठेवला. रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“त्याच्या बायकोचं पुढे काय करणार आहात?” तिनं विचारलं.

“मास्तर लिहितायत. ती माहेरी जाते म्हणाले.”

“माहेरी!” आई एकदम उसळली. “मास्तरांना काय कळतंय त्यातलं? कुठल्या तोंडानं जाईल ती माहेरी? भाऊजय दोन दिवस डोळे पुसेल आणि तिसऱ्या दिवशी झाडू हातात देईल. दुकान आहे ना तिचं? मशीन निघालं का ढिगाऱ्यातून?”

“ते अजून ठरवलं नाही.”

“निघालं म्हणून काढ. पाय वाकडा झाला असेल, चाक निखळलं असेल, पण निघालं. सुई ओवून देत होती म्हणजे तिला मशीन येत असणार. नवऱ्याला बरं वाटावं म्हणून नुसती ओवून देत असेल, स्वतः मशीनवर बसत नसेल.” आईनं खुर्ची पुढे ओढली. “आणि लगेच शिवायला बसवू नकोस. आधी लोक येतात, डबे आणतात, शेजारी घरातली कामं उरकतात, तेव्हा काही कळत नाही. मग एक दिवस कुणीच येत नाही. सकाळी आपण उठतो आणि दार वाजत नाही. तिथून सुरू कर.”

बोरूनं कोरा कागद ओढला. “दार आतून काढू की बाहेरून?”

“आतून,” आई म्हणाली. “कडी लावलेली.”